बिस्तरा खांद्यावर, गुन्हा कागदावर

कबनूरला तबलिगी जमात आली की लांबूनच ओळखू येते, खांद्यावरच्या बिस्तऱ्यांवरून. इचलकरंजीच्या बाजूने रिक्षा येते, मशिदीच्या दाराशी थांबते आणि आठ-दहा माणसं उतरतात. प्रत्येकाकडे गुंडाळलेली वळकटी, एकदोघांच्या हातात पातेली आणि शेगडी. तीन दिवसांची जमात असेल तर सामान थोडं, चाळीस दिवसांच्या चिल्ल्यावर निघालेली असेल तर जास्त. ही माणसं मशिदीतच राहतात, पाळीपाळीने स्वयंपाक करतात, एकाच दस्तरखानावर जेवतात आणि मुक्काम संपला की पुढच्या गावाला जातात.

असरच्या, म्हणजे दुपार कलल्यानंतरच्या नमाजानंतर त्यांची गश्त, म्हणजे घरोघरची फेरी, निघते. पुढे गावातलाच एक माणूस असतो, त्याला रहबर म्हणतात. दार तो ठोठावतो. बोलायचं काम दुसऱ्याकडे असतं, तो मुतकल्लिम. बाकीचे मान खाली घालून मागून चालतात. कबनुरात हे दार पुष्कळदा मागाच्या शेडचं असतं. आत मागांचा एकच खडखडाट चाललेला असतो, कामगाराच्या केसांवर आणि भुवयांवर कापसाचा भुगा बसलेला असतो. त्या आवाजात बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. सांगायचं असतं एवढंच, की मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजाला, मशिदीत या, थोडा वेळ बसा. कामगार कधी मान हलवतो, कधी सुरू असलेल्या कापडाकडे बोट दाखवून ‘पाळी आहे’ म्हणतो. गश्त पुढच्या दाराकडे जाते.

कुणाला हे पटतं, कुणाला पटत नाही. पण एवढ्यावरून कुणाला तुरुंगात टाकावं, असं गावात कुणाच्या मनात आलेलं मी पाहिलं नाही. तरीही २०२० साली महाराष्ट्रात मशिदीत मुक्काम, नमाज, कुराणाचं वाचन याच गोष्टी फिर्यादीचा मजकूर झाल्या. त्या फिर्यादींचं पुढे काय झालं आणि ते का झालं, हे समजून घेणं आपल्या सगळ्यांच्याच कामाचं आहे.

मेवातपासून नगरपर्यंत

तबलिगी जमातीची सुरुवात १९२६-२७ च्या सुमारास मौलाना मुहम्मद इलियास कांधलवी यांनी दिल्लीजवळच्या मेवात भागात केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुसलमान म्हणवणाऱ्या माणसाला कलमा नीट यावा, त्याने नमाज पढावा, दुसऱ्याचा मान राखावा, नियत साफ ठेवावी आणि हेच दुसऱ्यांना सांगायला थोडे दिवस घर सोडावं. म्हणजे हा मुसलमानांनी मुसलमानांसाठी केलेला उपदेश आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन वस्तीतली बंगलेवाली मशीद हे तिचं मर्कज, म्हणजे केंद्र. राजकारणावर बोलायचं नाही, हा जमातीचा जुना दंडक आहे. आम्ही आकाशाच्या वरचं आणि जमिनीच्या खालचं बोलतो, मधलं नाही, असं जमातीतले लोक स्वतःबद्दल सांगतात. वर अल्ला, खाली कबर.

मार्च २०२० मध्ये निजामुद्दीनच्या मर्कजमध्ये देशोदेशींची माणसं होती. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, रेल्वे-विमानं थांबली आणि मर्कजमध्ये राहून गेलेल्या अनेकांना कोरोनाची लागण झाल्याचं उघड झालं. आजार खरा होता, भीतीही खरी होती. गर्दी टाळायला सांगण्याचा अधिकार सरकारला होताच. पण त्या पंधरवड्यात चर्चेचा सूर बदलला. रोगाबद्दलचं बोलणं माणसांबद्दल होऊ लागलं. टाळेबंदीत देशभर कितीतरी माणसं जिथे होती तिथे अडकली. यात्रेकरू, पाहुणे, मजूर, विद्यार्थी. जमातीवाल्यांसाठी मात्र ‘अडकले’ऐवजी ‘लपले’ हा शब्द रूढ झाला. एका क्रियापदाच्या फरकाने माणूस आपद्ग्रस्ताचा आरोपी होतो.

अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, निरनिराळ्या पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदले गेले. आरोपींमध्ये आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबुती, बेनिन आणि इंडोनेशिया या देशांतून आलेले २९ जण होते. त्यांना आसरा दिला म्हणून ६ भारतीयांवरही गुन्हे लागले. परदेशी पाहुण्यांकडे वैध व्हिसा होते. विमानतळावर तपासणी होऊन ते देशात आले होते. विलगीकरणाची मुदत संपल्यावर त्यांना रीतसर अटक झाली.

कलमं काय म्हणतात?

अशा फिर्यादीत कलमांची रांग लांबलचक असते आणि सामान्य माणूस ती पाहूनच दबतो. म्हणून एकेक कलम सुटं करून पाहू.

भारतीय दंडसंहितेचं १८८ वं कलम सरकारी अधिकाऱ्याने काढलेला आदेश मोडल्याबद्दल होतं. पण त्याला एक अट होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ प्रमाणे, त्या अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने स्वतः न्यायालयात लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नव्हतं. कलम २६९ जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरेल अशी हयगय करण्याबद्दल होतं, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. कलम २७० तीच गोष्ट दुष्ट हेतूने करण्याबद्दल, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, पण ही तत्त्वं तिथेही आहेत. याशिवाय १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. सगळ्यात जड होता १९४६ चा परदेशी नागरिकांबाबतचा कायदा. व्हिसाच्या अटी मोडल्या तर त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती.

खरा मुद्दा या शेवटच्या कायद्यात होता. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने धर्मोपदेश करू नये, अशी अट आहे. मग मशिदीत राहणं, नमाज पढणं, धार्मिक प्रवचन ऐकायला बसणं हा धर्मोपदेश आहे का? पंढरपूरला येऊन कीर्तनाला बसलेला परदेशी पाहुणा कीर्तनकार ठरतो का? प्रश्न असा विचारला की उत्तर कुणालाही सुचतं.

दोन खंडपीठं, एक प्रश्न

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नगरचे हे गुन्हे रद्द केले. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांच्यासमोर ते प्रकरण होतं. व्हिसाच्या अद्ययावत नियमांप्रमाणे परदेशी पाहुण्याला धर्मस्थळांना भेट द्यायला, प्रवचनासारख्या नेहमीच्या धार्मिक कार्यक्रमाला हजर राहायला बंदी नाही, हे न्यायालयाने दाखवून दिलं. या लोकांनी कुणाचं धर्मांतर केल्याचा पुरावा नव्हता. त्यांना इथल्या भाषाही येत नव्हत्या. मर्कजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून मोठा अपप्रचार झाला, असं निकालात स्पष्ट नोंदलं गेलं. साथ किंवा संकट आलं की सत्तेला बळीचा बकरा लागतो आणि या लोकांना तसं निवडलं गेल्याचा संभव दिसतो, असंही न्यायालय म्हणालं. झालेल्या कारवाईबद्दल पश्चात्ताप करून नुकसान भरून काढण्याची पावलं उचलावीत, इथपर्यंत निकालाची भाषा गेली.

निकालात या कारवाईचा संबंध नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनांशीही जोडला होता. न्यायमूर्ती सेवलीकरांनी नंतर स्वतंत्र नोंद केली, की गुन्हे रद्द करण्याशी आपण सहमत आहोत, मात्र त्यामागच्या काही कारणमीमांसेशी नाही. हे मुद्दाम सांगायला हवं. राजकीय अन्वयार्थाबद्दल दोन न्यायमूर्तींचं एकमत नव्हतं. गुन्हा घडलेला नाही, याबद्दल मात्र होतं.

बरोबर महिन्याने, २१ सप्टेंबर २०२० रोजी, नागपूर खंडपीठापुढे म्यानमारच्या आठ नागरिकांचं प्रकरण निकाली निघालं. न्यायमूर्ती व्ही. एम. देशपांडे आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी हाही गुन्हा रद्द केला. हे आठ जण मार्चच्या सुरुवातीला कायदेशीर मार्गाने भारतात आले होते, नागपुरात पोहोचल्यावर पोलिसांना तशी कल्पना दिलेली होती आणि टाळेबंदीत ते मोमिनपुऱ्यातल्या मर्कजमध्ये राहिले. त्यांची कोरोना चाचणी नकारात्मक आली होती. मग संसर्ग पसरवण्याचं कलम लागेल कसं? ज्याला रोगच नाही तो रोग पसरवणार कुठून?

धर्मप्रसाराच्या आरोपाचं तर याहून सोपं होतं. आरोपपत्रातल्या साक्षीदारांचं म्हणणं होतं, की ही माणसं कुराण वाचत आणि नमाज पढत. त्यांना इथली भाषा येत नव्हती. त्यांनी आपल्याला उपदेश केला, असं सांगणारा एकही माणूस पोलिसांना मिळाला नाही.

मला हा निकाल वाचताना मागाची शेड आठवली. उपदेश म्हणजे बोलणारा हवा, ऐकणारा हवा, दोघांना समजेल अशी भाषा हवी. बर्मी बोलणारी माणसं नागपुरात आपसात कुराण वाचत बसली, तर बयान, म्हणजे प्रवचन, ऐकलं कोणी? खंडपीठाने तपासलं ते मुळात एवढंच. आणि श्रद्धेवरून माणसाला कोठडीत घालणाऱ्या कोणत्याही खटल्यात, कोणत्याही देशात, हाच प्रश्न आधी विचारायला हवा. या माणसाने हाताने किंवा तोंडाने नेमकं केलं काय आणि ते कुणाला बाधलं?

‘नागरिक’ आणि ‘व्यक्ती’

परदेशी माणसाला आपल्या संविधानाचं संरक्षण कसं काय, असं अनेकांना वाटतं. उत्तर संविधानाच्या शब्दांत आहे. भाषणस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ नागरिकांसाठी आहे. जीविताचा आणि स्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ मात्र ‘व्यक्ती’ हा शब्द वापरतो. अनुच्छेद २५ सुद्धा सर्व व्यक्तींना सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. घटनाकारांनी कुठे ‘नागरिक’ लिहायचं आणि कुठे ‘व्यक्ती’, हे विचार करून ठरवलं. इबादत करणाऱ्याचा पासपोर्ट कोणता, हे अनुच्छेद २५ विचारत नाही.

या हक्काला मर्यादा आहेत आणि त्या त्याच अनुच्छेदात आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक रेघ ओढली. प्रसार करणं म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे साथीच्या काळात मशिदी, मंदिरं, चर्च यांतली गर्दी थांबवणं संविधानाला धरूनच आहे. पण आरोग्याच्या नावाने केलेला नियम सर्वांना सारखा लागला पाहिजे आणि शिक्षा करताना मोडलेला नियम दाखवता आला पाहिजे. ‘हे लोक तसेच’ हा पुरावा होऊ शकत नाही.

आपल्या तालुक्याचं नाव दिल्लीत

कबनूर हातकणंगले तालुक्यात येतं. याच तालुक्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका काश्मिरी प्राध्यापकावर २०२२ साली हातकणंगले पोलीस ठाण्यात दंडसंहितेच्या कलम १५३-अ खाली गुन्हा नोंदला गेला. त्यांनी व्हॉट्सअॅप स्टेटसवर काश्मीरबाबत ५ ऑगस्टला काळा दिवस म्हटलं होतं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा लिहिल्या होत्या. एप्रिल २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी तो रद्द केला.

हा मजकूर धार्मिक नव्हता, राजकीय होता. तो अनेकांना आवडणार नाही, हेही खरं. तरी इथे आठवण काढली ती निकालातल्या एका मुद्द्यासाठी. केवळ विशिष्ट धर्माचा आहे म्हणून माणसाला हेतू चिकटवता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आणि शब्दांचा परिणाम मोजताना कोणाचं मन प्रमाण धरायचं, याची जी कसोटी तिथे वापरली, ती मूळची नागपूरची. १९४० च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी ती घालून दिली होती. विचारी, खंबीर माणसाला काय वाटेल ते पाहायचं, प्रत्येक गोष्टीत धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाला काय वाटेल ते नाही. गुलामीच्या काळात घडवलेली ही फूटपट्टी हातकणंगल्यात गुन्हा नोंदलेल्या माणसाच्या कामी आली.

सुटका उशिरा येते तेव्हा

या सगळ्या गोष्टींचा शेवट सुटकेने झाला म्हणून हायसं वाटून घेणं मात्र चूक ठरेल. दिल्लीत ९५५ परदेशी जमातीवाल्यांवर आरोपपत्रं गेली. त्यातले बहुसंख्य लोक किरकोळ कलमं कबूल करून, दंड भरून मायदेशी परतले. घर हजारो मैलांवर, वकील परका, भाषा परकी, अशा वेळी ‘कबूल’ या शब्दाला किती अर्थ उरतो? खटला लढायला थांबले ४४ जण. त्यांपैकी आठ जण आधीच आरोपमुक्त झाले आणि उरलेल्या ३६ जणांना १५ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने निर्दोष सोडलं. थांबलेल्यांपैकी एकही दोषी ठरला नाही. या पाहुण्यांना आसरा देणाऱ्या ७० भारतीयांवरचे १६ गुन्हे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केले ते १७ जुलै २०२५ ला, पाच वर्षांनी.

सुरतेचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. डिसेंबर २००१ मध्ये तिथे एका शैक्षणिक परिसंवादाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून आलेल्या १२७ मुसलमानांना ‘सिमी’ या बंदी घातलेल्या संघटनेचे सदस्य म्हणून पकडलं. न्यायालयाने हयात असलेल्या सर्वांना निर्दोष ठरवलं ६ मार्च २०२१ ला. खटला चालू असतानाच काही जण वारले. आरोपी म्हणून गेलेली जवळजवळ वीस वर्षं म्हणजे नोकरी, मुलींची लग्नं, भाड्याचं घर, शेजाऱ्याची नजर. त्यांची भरपाई निकालपत्रात नसते. नुसतं सदस्यत्व गुन्हा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं होतं. २४ मार्च २०२३ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते फिरवलं. आता बंदी असलेल्या संघटनेचं सदस्य असणं हाच बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे कोण खरोखर सदस्य आणि कोण नुसता सभेला आलेला, हे तपासण्याची जबाबदारी आज पूर्वीपेक्षा मोठी आहे.

उरूस, जमात आणि बाहेरचं जग

कबनूरचा जंदीसाहेब-ब्रॉनसाहेबांचा उरूस सगळ्या गावाचा असतो. गलेफ, म्हणजे मजारीवरची चादर, चढतो तेव्हा दर्ग्यात उभ्या राहिलेल्या गर्दीत कोण कुठल्या धर्माचा, हे शोधत बसायला कुणाला सवड नसते. जमातीच्या वळणाच्या अनेकांना दर्ग्यावरचं नवस-गलेफ मान्य नाही. धर्माच्या मूळ शिकवणीत हे बसत नाही, असं ते म्हणतात. उरूस करणाऱ्यांना ते कोरडं वाटतं. एकाच मोहल्ल्यात हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि तो चालू राहू शकतो हीच गावाची श्रीमंती आहे, कारण दोघांपैकी कुणाच्याही बाजूला पोलीस उभा नाही.

जगात सगळीकडे असं नाही. रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली तबलिगी जमातीवर बंदी घातली. कझाकस्तानात २०१३ साली अस्तानाच्या न्यायालयाने ती अतिरेकी ठरवली. तिथे आज कुणी गश्तीला निघाला तर त्याला तुरुंग दिसू शकतो. सौदी अरेबियाच्या धर्मविषयक मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये जुम्म्याच्या खुत्ब्यातून जमातीविरुद्ध इशारा द्यायला सांगितलं. पाकिस्तानात १९८४ च्या अध्यादेशाने अहमदी माणसाने आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं, तिथे अजान देणं हा गुन्हा ठरवला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मुसलमानबहुल देशात, मुसलमान म्हणवून घेतलं म्हणून तुरुंग.

चीनच्या शिनजियांगमध्ये तर दोन्ही बाजूंची माणसं आत आहेत. नमाज, दाढी, बुरखा ही कारणं पुरली आणि उइघुर मुसलमानांना मोठ्या संख्येने छावण्यांत डांबलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात त्याची गंभीर दखल घेतली. त्याच प्रदेशात रहिले दावूत नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ आहेत. उइघुरांचे मजार, म्हणजे दर्गे, तिथल्या यात्रा आणि त्यांभोवतीचं लोकसंचित यांचा अभ्यास करण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. डिसेंबर २०१७ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. आपल्याकडच्या उरुसांची, गलेफांची, मानकऱ्यांची नोंद ठेवणारी एखादी प्राध्यापिका डोळ्यांपुढे आणा. तिथे ती आज आजन्म कैदेत असती.

ही सगळी उदाहरणं शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. सत्तेने एकदा ‘बरोबर श्रद्धा’ आणि ‘चुकीची श्रद्धा’ अशी यादी करायला घेतली, की कधी जमातवाला आत जातो, कधी दर्ग्याचा अभ्यासक, कधी अहमदी. म्हणून रेघ श्रद्धेपाशी न ओढता कृत्यापाशी ओढायची असते. कुणी धर्माच्या नावाने हिंसा केली, हिंसेची तयारी केली, दुसऱ्यावर जबरदस्ती केली, तर कायद्याने त्याला पकडलंच पाहिजे, त्याचा धर्म कोणताही असो. नमाज, पठण, मशिदीतला मुक्काम, दारावरची थाप ही त्या तयारीची खूण मानायची नाही.

गश्तीतला रहबर दार ठोठावतो आणि आतला माणूस कधीकधी ‘आज नको’ म्हणतो. रहबर सलाम करून पुढे जातो, शेडमध्ये माग चालू राहतात. थाप देणाऱ्याचा हक्क आणि दार लावून घेणाऱ्याचा हक्क, दोन्ही अनुच्छेद २५ नेच दिलेले आहेत. एकाची थाप गुन्हा ठरली, तर दुसऱ्याचं ‘नको’ म्हणणंही उद्या सुरक्षित राहणार नाही.